घरभाड्याची अनामत : हक्काची रक्कम

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात आंग मो किओ, सिंगापूर येथे केलेल्या भाषणाची संहिता)



या मेळाव्यात थोर विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होत असतात. संयोजकांनी माझ्याकडे सोपविलेला विषय मात्र वरकरणी अगदी घरगुती आहे. भाड्याचे घर सोडताना घरमालकाकडे ठेवलेली अनामत रक्कम परत कशी मिळवावी, हा तो विषय होय. एवढ्या क्षुल्लक बाबीसाठी व्यासपीठ कशाला, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर त्यात नवल नाही. परंतु या सभागृहावर नजर टाकली असता येथील बहुतेक कुटुंबे आज भाड्याच्या घरात राहतात किंवा पूर्वी कधीतरी राहिलेली आहेत, हे आपल्या ध्यानात येईल. कुणाचे कंत्राट संपते, कुणाची बदली होते, कुणाला वृद्ध आईवडिलांसाठी मायदेशी परतावे लागते. त्या प्रत्येक प्रसंगी सामानाच्या खोक्यांबरोबर हाही प्रश्न दारात उभा राहतो. म्हणून हा विषय क्षुल्लक नाही, असे माझे नम्र मत आहे.

आपण ज्या आंग मो किओमध्ये जमलो आहोत त्या वसाहतीचेच उदाहरण घेऊ. गृहनिर्माण व विकास मंडळाने, ज्याला आपण सारे एचडीबी म्हणतो, १९७३ मध्ये या नगराच्या उभारणीस हात घातला. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये येथून मेट्रो धावू लागली. स्थानक जवळ, बाजार जवळ, शाळा जवळ, म्हणून आपल्या लोकांची पावले इकडे वळतात. समजा, एका कुटुंबाने येथे चार खोल्यांची सदनिका घेतली. एचडीबीच्या हिशेबात दिवाणखानाही खोलीच धरली जाते. तेव्हा चार खोल्या म्हणजे तीन शयनगृहे आणि एक दिवाणखाना. मासिक भाडे ३,००० डॉलर आणि करार दोन वर्षांचा असे धरू. येथील रूढीप्रमाणे एका वर्षाच्या कराराला एका महिन्याचे भाडे आणि दोन वर्षांच्या कराराला दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून द्यावे लागते. म्हणजे या कुटुंबाने पहिल्याच दिवशी ६,००० डॉलर घरमालकाच्या हाती ठेवले. २०२१ ते २०२३ या काळात येथील भाडी झपाट्याने वाढली, तशी अनामतही फुगली. हे ६,००० डॉलर म्हणजे कुणाच्या धाकट्या बहिणीच्या महाविद्यालयाचे शुल्क, कुणाच्या गावाकडील घराचे छप्पर, तर कुणाच्या आईची शस्त्रक्रिया असते.

आता हेच कुटुंब देश सोडून निघाले आहे असे समजा. परदेशी नागरिक नोकरी सोडतो तेव्हा त्याच्या कंपनीने किमान एक महिना आधी येथील आयकर खात्याला कळवावे लागते आणि कराचा निकाल लागेपर्यंत त्याच्या देय रकमा रोखून धराव्या लागतात. परिणामी शेवटचा पगार अडकलेला असतो. विमानाची तिकिटे आणि सामान पाठविण्याचा खर्च झालेला असतो. गावी गेल्यावर मुलांच्या शाळाप्रवेशाची चिंता असतेच. अशा वेळी घरमालकाकडून निरोप येतो की, रंगकामाचे १,२००, स्वयंपाकघराच्या सफाईचे ६००, वातानुकूलन यंत्राचे ८०० आणि किरकोळ दुरुस्तीचे ५०० वजा करण्यात येतील. ३,१०० डॉलर असे एका संदेशात नाहीसे होतात. आणि आपला माणूस काय म्हणतो? "जाऊ द्या. दोन वर्षे राहू दिले हेच पुष्कळ."

हे जे "राहू दिले" आहे, त्याचा आपण विचार केला पाहिजे. आपल्या समाजाच्या पाठीवर घर नाकारले जाण्याचा फार जुना वळ आहे. १९१७ साली परदेशातून उच्चविद्याविभूषित होऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यास राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांना नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्यानंतरच्या पिढ्यांनीही भारतातील शहरांत खोली शोधताना आडनाव विचारले गेल्यावर काय होते हे अनुभवलेले आहे. येथे सिंगापुरात जातीची विचारणा सहसा होत नाही. परंतु भारतीयांना घर मिळणार नाही अशा अर्थाच्या जाहिराती येथे प्रसिद्ध होत असत आणि २०१४ साली बीबीसीने त्यावर सविस्तर वृत्त दिले होते. म्हणून एखादा घरमालक होय म्हणाला की आपले मन कृतज्ञतेने भरून येते. कृतज्ञता हा सद्गुणच आहे. परंतु जे घर महिन्याला ३,००० डॉलर मोजून घेतले ते कुणी आपल्याला दान दिलेले नाही. तो दोन समान पक्षांमधील करार आहे. करारात जसे भाडे देणे आपल्यावर बंधनकारक आहे, तसेच अनामत परत करणे घरमालकावर बंधनकारक आहे. ती मागताना मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

अनामत म्हणजे नेमके काय, हेही स्पष्ट करून घेऊ. ते घरमालकाचे उत्पन्न नव्हे. भाडे थकले, घराची मोडतोड झाली किंवा कराराचा भंग झाला तर भरपाई करता यावी म्हणून ठेवलेले ते तारण आहे. नुकसान नसेल तर तारण जसेच्या तसे परत मिळाले पाहिजे. नुकसान असेल तर नुकसानीएवढेच कापले गेले पाहिजे. काही देशांनी हे तारण घरमालकाच्या खिशात राहू नये अशी व्यवस्था केली आहे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवणे घरमालकाला सक्तीचे झाले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ही रक्कम सरकारी यंत्रणेकडे जमा होते. भारतात २०२१ साली केंद्र सरकारने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा संमत केला. त्यात निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी अशी मर्यादा सुचविली आहे; पण तो लागू करणे राज्यांच्या इच्छेवर आहे. सिंगापुरात अशी कोणतीही राखणदार यंत्रणा नाही. खासगी घराची अनामत घरमालकाच्या स्वतःच्या खात्यात जाते आणि तेथूनच ती परत यावयाची असते. एचडीबीचे घर असले तरी घरमालक व भाडेकरू यांच्यातील पैशाचा तंटा हा खासगी व्यवहार समजला जातो आणि मंडळ त्यात पडत नाही. तेव्हा येथे आपली राखण आपल्या कागदांनीच करावयाची आहे.

म्हणूनच मी असे म्हणेन की, अनामत परत मिळविण्याचे काम घर सोडण्याच्या दिवशी सुरू होत नाही, ते घरात पाऊल टाकण्याच्या दिवशी सुरू होते. त्या दिवशी करावयाच्या गोष्टी मी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे पैसे कुणाच्या हाती देतो हे पाहणे. २०१० साली स्थापन झालेल्या कौन्सिल फॉर इस्टेट एजन्सीज या संस्थेच्या जाहीर नोंदवहीत प्रत्येक अधिकृत दलालाचे नाव व क्रमांक असतो. तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. एचडीबीचे घर भाड्याने देण्याच्या व्यवहारात अनामत वा भाड्याची रक्कम स्वतः हाताळण्यास दलालांना नियमाने मनाई आहे. अनामत थेट घरमालकाच्या नावे, बँकेमार्फत द्यावी. म्हणजे बँकेची नोंद हीच पावती होते. घर प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच "जागा राखून ठेवण्यासाठी" पैसे मागणाऱ्यापासून नव्या मुलांनी विशेष सावध राहावे. अशा फसवणुकीत गेलेला पैसा सहसा हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट घर देण्याच्या अधिकाराची. एचडीबीच्या घराच्या मालकाला ते भाड्याने देण्यापूर्वी मंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि भाडेकरूंची नावे कळवावी लागतात. सहा महिन्यांहून कमी मुदतीने हे घर देता येत नाही. भाडेकरूने ते पुन्हा तिसऱ्याला भाड्याने देण्यासही मनाई आहे. आपले नाव मंडळाच्या नोंदीत आहे की नाही हे भाडेकरूला स्वतः तपासता येते. "नाव लावायची गरज नाही, थोडे भाडे कमी करतो" असे कुणी सांगितले तर तो मोह टाळावा. नोंदीबाहेरचा भाडेकरू तंट्याच्या वेळी दुबळा ठरतो आणि त्याच्या राहण्याच्या परवान्यालाही त्याची झळ पोहोचू शकते.

तिसरी गोष्ट मुद्रांक शुल्काची. चार वर्षांपर्यंतच्या भाडेकरारावर एकूण भाड्याच्या ०.४ टक्के शुल्क लागते. आपल्या उदाहरणात दोन वर्षांचे भाडे ७२,००० डॉलर. त्याचे शुल्क २८८ डॉलर. सिंगापुरात सही झाली असेल तर ते १४ दिवसांच्या आत भरावयाचे असते आणि रूढीने ते भाडेकरू भरतो. हे २८८ डॉलर वाचवावेत असे अनेकांना वाटते. परंतु शुल्क न भरलेला करार न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. ६,००० डॉलरच्या राखणीसाठी २८८ डॉलर हा महाग पहारेकरी नव्हे.

चौथी गोष्ट करार वाचण्याची. इंग्रजी कायद्याची भाषा क्लिष्ट असते हे खरे, परंतु पाच कलमे तरी प्रत्येकाने बोट ठेवून वाचावीत. अनामत किती दिवसांत परत मिळेल हे एक. अनेक करारांत १४ दिवसांची मुदत असते. नसेल तर ती लिहून घ्यावी. किरकोळ दुरुस्तीचा खर्च कितीपर्यंत भाडेकरूचा आणि त्यापुढे कुणाचा हे दुसरे. वातानुकूलन यंत्राची सफाई किती महिन्यांनी करावयाची हे तिसरे. बहुधा दर तीन महिन्यांनी असे लिहिलेले असते. घर सोडताना रंग, पडदे व सफाई यांची कोणती अट आहे हे चौथे. आणि मुदतीपूर्वी जावे लागल्यास काय, हे पाचवे. या पाचव्या कलमाला येथे डिप्लोमॅटिक क्लॉज म्हणतात. नाव राजदूतांचे असले तरी त्याचा उपयोग आपल्यासारख्या नोकरदारांनाच होतो. दोन वर्षांच्या करारात नोकरी गेली किंवा परदेशी बदली झाली तर साधारणतः बारा महिने पूर्ण झाल्यावर, दोन महिन्यांची लेखी सूचना देऊन घर सोडण्याची मुभा त्यात असते. हे कलम नसताना मध्येच घर सोडले तर अनामत गमावण्याची वेळ येते, शिवाय उरलेल्या मुदतीच्या भाड्याची मागणीही होऊ शकते. तेव्हा ज्याचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला आहे, त्याने या कलमाशिवाय दोन वर्षांच्या करारावर सही करू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. ताबा घेतल्याच्या दिवशी, घरात सामान येण्यापूर्वी, प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत. भिंती, फरशी, खिडक्यांच्या कड्या, न्हाणीघराचे छत, ओट्याखालचे कप्पे, गादीची खालची बाजू, सारे टिपावे. आंग मो किओमधील बऱ्याच इमारती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहेत. इतक्या जुन्या घरात फरशीला तडा, नळाला गंज आणि छताच्या सिमेंटला पोपडे आधीचेच असू शकतात. छायाचित्र नसेल तर दोन वर्षांनी ते आपल्या नावावर जमा होतात. छायाचित्रे त्याच दिवशी घरमालकाला व दलालाला संदेशाने किंवा ईमेलने पाठवावीत, म्हणजे तारखेबद्दल वाद उरत नाही. सामानाची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. अनेक करारांत पहिल्या तीस दिवसांत आढळलेले दोष घरमालकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावेत अशी तरतूद असते. ते तीस दिवस वाया घालवू नयेत.

यानंतरचा काळ राहण्याचा. आपल्या घरांच्या काही विशेष सवयी आहेत, त्यांचा उल्लेख मी आपुलकीने करतो. फोडणीच्या तेलाचा थर भिंतीवर व धूर ओढणाऱ्या यंत्रावर बसतो. तो महिन्यास पुसला तर निघतो, दोन वर्षांनी निघत नाही. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर पडला की त्याच वेळी धुवावा. बुद्धमूर्तीसमोर लावलेल्या मेणबत्त्यांची व अगरबत्तीची काजळी वरच्या छतावर धरते. तेव्हा मूर्तीचे मेज भिंतीपासून थोडे दूर ठेवावे आणि खाली काच अथवा ताट ठेवावे. तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा प्रत्येक घरात असते आणि असावीच. परंतु खिळा ठोकण्यापूर्वी घरमालकाची लेखी संमती घ्यावी किंवा चिकटणारे हूक वापरावेत. वातानुकूलन यंत्राच्या सफाईची प्रत्येक पावती जपून ठेवावी. पावती नसेल तर केलेली सफाई न केल्यासारखीच ठरते. वरच्या मजल्यावरून छतात पाणी झिरपू लागले तर त्याच दिवशी लेखी कळवावे. एचडीबीच्या घरांत अशा गळतीच्या दुरुस्तीची जबाबदारी वरच्या व खालच्या घरांच्या मालकांवर मिळून असते, भाडेकरूवर नव्हे. मात्र आपण गप्प राहिलो आणि छत खराब झाले, तर वेळेवर सांगितले नाही असा ठपका आपल्यावर येऊ शकतो. घर मध्येच विकले गेले तर अनामत नव्या मालकाकडे गेल्याचे दोघांकडून लिहून घ्यावे.

आता घर सोडण्याचा प्रसंग. कराराप्रमाणे मुदतीत लेखी सूचना द्यावी. बरेच जण धास्तीपोटी शेवटच्या महिन्याचे किंवा दोन महिन्यांचे भाडेच देत नाहीत आणि "अनामतीतून वळते करून घ्या" असे सांगतात. त्यांची भीती मला समजते. परंतु बहुतेक करारांत असे करण्यास स्पष्ट मनाई असते. त्यामुळे तोवर निष्कलंक असलेला भाडेकरू शेवटच्या क्षणी करार मोडणारा ठरतो आणि घरमालकाच्या हाती आयते निमित्त येते. भाडे शेवटपर्यंत द्यावे आणि अनामत पूर्ण मागावी.

तपासणीसाठी दिवसाउजेडीची वेळ ठरवावी आणि ती विमानाच्या दिवशी ठेवू नये. सामान हलवून, सफाई करून, निदान चार-पाच दिवस हाताशी ठेवून घरमालकाला बोलवावे. मूळ यादी व मूळ छायाचित्रे घेऊन खोलीमागून खोली पाहावी. जे किरकोळ दोष निघतील ते स्वतः दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवावी. खिळ्याचे भोक बुजविण्यास आपल्याला जेवढा खर्च येतो त्याच्या कितीतरी पट रक्कम घरमालकाच्या बिलात येऊ शकते. शेवटी पुन्हा छायाचित्रे घ्यावीत, चाव्या मोजून द्याव्यात, टपालपेटीची चावीही विसरू नये, आणि "घर व चाव्या मिळाल्या" एवढे तरी लिहून सही घ्यावी. वीज-पाण्याचे खाते आपल्या नावावर असेल तर ते बंद करावे; त्यासाठी भरलेली वेगळी अनामत शेवटचे बिल वजा जाता परत मिळते. आणि एक छोटी परंतु महत्त्वाची सूचना अशी की, अनामत जमा होईपर्यंत येथील बँकेचे खाते बंद करू नये. पैसे पाठविण्यास खातेच उरले नाही, तर प्रामाणिक घरमालकही अडचणीत येतो आणि अप्रामाणिकाला सबब मिळते.

घरमालक कशाबद्दल पैसे कापू शकतो आणि कशाबद्दल नाही, याचे सूत्र एका शब्दात आहे : झीज. माणूस घरात राहिला की घर झिजते. उन्हाने पडदा विटतो, पायांनी फरशीची चकाकी जाते, दाराचे बिजागर सैल होते, भिंतीचा रंग फिका पडतो. याला कायद्याच्या भाषेत वाजवी झीज म्हणतात. भाडे दिले ते या वापराचेच मोल होते. त्यासाठी पुन्हा पैसे मागता येत नाहीत, मात्र करारात वेगळी अट घातली असेल तर ती पाहावी लागते. याउलट ओट्यावर गरम कढई ठेवून पडलेला करपट डाग, फुटलेले भांडीधुणे, मुलांनी रंगविलेली भिंत किंवा तुटलेला पलंग ही मोडतोड होय आणि ती भरून देणे आपले कर्तव्य आहे. मात्र तेथेही हिशेब वाजवी असावा. आठ वर्षांची जुनी गादी खराब झाली म्हणून नव्या गादीची पूर्ण किंमत मागणे न्याय्य नाही, कारण त्या गादीचे बरेचसे आयुष्य आधीच संपलेले होते. म्हणून "३,१०० वजा" असा मोघम आकडा स्वीकारू नये. प्रत्येक बाबीचे बिल, छायाचित्र आणि करारातील कलम मागावे. मघाच्या उदाहरणातील कुटुंबाकडे वातानुकूलनाच्या पावत्या असत्या, ताब्याच्या दिवसाची छायाचित्रे असती आणि स्वयंपाकघर नियमित पुसलेले असते, तर त्या चार रकमांपैकी कितीशा उभ्या राहिल्या असत्या, याचा विचार आपणच करावा.

एवढे करूनही पैसे मिळाले नाहीत तर? प्रथम शांत शब्दांत लेखी मागणी करावी. तीत कराराची तारीख, कलम, रक्कम आणि उत्तरासाठी निश्चित दिवस नमूद करावा. दूरध्वनीवर बोलणे झाले असेल तर त्याचा सारांश त्याच दिवशी लिहून पाठवावा. त्यानेही काम झाले नाही तर सिंगापुरात सामान्य माणसासाठी एक दार उघडे आहे. १९८५ पासून येथे लहान दाव्यांचे न्यायाधिकरण काम करीत आहे. स्मॉल क्लेम्स ट्रायब्यूनल हे त्याचे परिचित नाव. दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीच्या निवासी भाडेकरारातील तंटे तेथे चालतात. दाव्याची मर्यादा २०,००० डॉलर असून दोन्ही पक्षांची लेखी संमती असल्यास ती ३०,००० होते. तेथे वकील उभा करता येत नाही, त्यामुळे श्रीमंत पक्षाचा वकील आणि गरीब पक्षाचे मौन असा विषम सामना होत नाही. व्यक्तीला ५,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यास १० डॉलर आणि त्यापुढे १०,००० पर्यंत २० डॉलर शुल्क पडते. अर्ज संगणकावरून करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि न जमल्यास सुनावणी होऊन आदेश निघतो. पैसे देय झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. परंतु देश सोडल्यावर कागद पोहोचविणे, तारखांना हजर राहणे हे सारे कठीण होते. म्हणूनच मी घर सोडणे आणि देश सोडणे यांत शक्य तेवढे अंतर ठेवा असे सुचवितो. दोन वर्षांहून अधिक मुदतीचा करार असेल तर या न्यायाधिकरणाचे दार बंद होते आणि नेहमीच्या न्यायालयाचा खर्चिक मार्ग उरतो, हेही करार करतानाच ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक घरमालक लबाड नसतो. या वसाहतीतील अनेक घरमालक वयोवृद्ध आहेत आणि भाडे हाच त्यांतील कित्येकांच्या म्हातारपणाचा आधार असतो. आपण जसा आपल्या पैशाचा हिशेब मागतो, तसा त्यांच्या घराचा हिशेब त्यांना दिला पाहिजे. जे मोडले ते मोडले असे आपणहून सांगणाऱ्या भाडेकरूच्या बाकीच्या शब्दावरही विश्वास बसतो. शिवाय आपण सोडलेल्या घरात उद्या दुसरे भारतीय कुटुंब यावयाचे असते. स्वच्छ घर, चुकते भाडे आणि नीट ठेवलेले कागद मागे ठेवून गेलेला भाडेकरू पुढच्याची वाट सोपी करून जातो. मात्र पुढच्याची वाट सोपी व्हावी म्हणून आपले हक्काचे पैसे सोडून देणे, हा त्या सौजन्याचा अर्थ नव्हे. भाडेकरू मुकाट्याने सोडून देतो असा अनुभव एकदा आला की तीच रीत पडते आणि ती पुढच्या कुटुंबाच्या वाट्याला येते.

शेवटी मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्यात कायद्याचे इंग्रजी सहज वाचणारे लोक आहेत आणि नुकतीच आलेली, घाईघाईत सही करणारी तरुण मुलेही आहेत. त्यांची गाठ सही होण्यापूर्वी पडली पाहिजे. मंडळाने दोन-तीन अनुभवी सभासदांची नावे ठरवावीत. नव्याने आलेल्याने सही करण्यापूर्वी करार त्यांना दाखवावा. घराचा ताबा घेताना आणि सोडताना कुटुंबाबरोबर मंडळाचा एक सभासद साक्षीदार म्हणून जावा. एका माणसाला दरडावणे सोपे असते. यादी हातात घेऊन शांतपणे उभ्या असलेल्या दोघांना दरडावणे तितके सोपे नसते. त्यासाठी निधी लागत नाही, शनिवारची एक दुपार लागते.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला भाडेकरार बाहेर काढावा. मुद्रांक शुल्काची पावती त्याला जोडलेली आहे का, अनामत परत देण्याची मुदत लिहिलेली आहे का आणि ताब्याच्या दिवसाची छायाचित्रे कुठे आहेत, एवढे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. ज्यांच्याकडे छायाचित्रे नाहीत त्यांनी घराची आजची स्थिती उद्या सकाळी टिपून ठेवावी आणि घरमालकास पाठवावी. उशिरा तयार केलेला पुरावाही अगदी नसण्यापेक्षा बरा. ही कागदपत्रे एका जाड पाकिटात घालून त्यावर घराचा पत्ता लिहावा आणि ते पारपत्रांशेजारी ठेवावे.

 भाषण संपल्यावर ज्यांना आपला करार दाखवावयाचा असेल त्यांच्यासाठी मी सभागृहाच्या दाराशी थांबणार आहे.

जयभीम.